ट्रक तिच्या नावावर

तेलाची विहीर ही कायद्याच्या दृष्टीने खाण असते, हे प्रशासनातल्याही बहुतेकांना माहीत नसते. १९५२ च्या खाण कायद्यातील "खाण" या शब्दाची व्याख्या सवडीने वाचली तर तिच्यात जमिनीत घेतलेली सर्व प्रकारची छिद्रे येतात, तेलविहिरी येतात, कच्च्या तेलावर प्राथमिक प्रक्रिया करणारी संयंत्रे येतात आणि तेलक्षेत्राच्या आतून जाणारे तेलाचे नळसुद्धा येतात. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्याचे विशेष काही वाटले नव्हते. पुढे त्याच कायद्याचे कलम ४६ वाचले, आणि मग मात्र थबकले. कोणत्याही स्त्रीला खाणीत जमिनीखाली कामाला लावायचे नाही. जमिनीवर लावायचे झाल्यास सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळेत. आता तेलविहिरीचे खोदकाम एकदा सुरू झाले की रात्रंदिवस चालते. तिथे नळ, सिमेंट, चिखल, पाणी आणि डिझेल वाहून आणणारे ट्रकही रात्रंदिवस चालतात. म्हणजे स्त्रियांनी तेलक्षेत्रात ट्रक चालवू नये असे कोणीही, कुठेही लिहिले नव्हते. फक्त संध्याकाळी सातला तिने गाडी उभी करून घरी जावे असे लिहिले होते. असा चालक कोणता कंत्राटदार ठेवील?

मोटार वाहन कायदा, १९८८ या बाबतीत अगदी निःपक्षपाती आहे. प्रवासी किंवा माल वाहून नेणारे वाहन चालवायचे तर वय वीस पूर्ण हवे, हलके वाहन चालवण्याचा परवाना किमान एक वर्ष जवळ हवा, मग अवजड वाहनाचा शिकाऊ परवाना. स्त्री-पुरुष असा शब्दही त्यात नाही. आमच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवले जायचे की कायदा कोणाला काय मनाई करतो ते पाहा. पुढे अनुभवाने मी असे शिकले की मनाई कायद्याच्या मुख्य दारावर क्वचितच लिहिलेली असते. ती आतल्या एखाद्या खोलीच्या दारावर, बारीक अक्षरात असते, आणि बहुधा अतिशय सद्हेतूने लिहिलेली असते. कलम ४६ हे तसेच. १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने स्त्रियांना भूमिगत खाणकामातून बाहेर काढणारा करार केला तो त्यांच्या हालअपेष्टा पाहूनच. हेतूविषयी शंका घ्यायला जागा नाही.

या विषयाकडे माझे लक्ष गेले ते मात्र तेलक्षेत्रात नाही, तर झाशी जिल्ह्यातल्या मऊरानीपूर या गावी. झाशी म्हटले की मराठी माणसाला गोडसे भटजींचा प्रवास आठवतो, राणी आठवते. झाशीपासून पूर्वेला साठ-पासष्ट किलोमीटरवर, छत्तरपूर-खजुराहोकडे जाणाऱ्या महामार्गावर सुखनई नदीच्या काठी हे गाव वसले आहे. शेजारी रानीपूर, जिथे टेरीकॉटचे कापड विणतात. झाशी-माणिकपूर रेल्वेही इथून जाते. २०१२ च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेश विधानसभेची निवडणूक होती आणि निवडणूक आयोगाने मला निरीक्षक म्हणून त्या भागात पाठवले होते. मी महाराष्ट्रातून आले आहे असे कळल्यावर तिथले वयस्क लोक "म्हणजे तुम्ही राणीच्या मुलखातल्या" असे म्हणून खुर्ची पुढे करायचे. राणीचा जन्म काशीचा, हे मी कोणाला सांगितले नाही. खुर्ची मिळत होती.

निरीक्षकाने रोज एक तास सर्वसामान्य नागरिकांना भेटायचे असते. त्या तासात येणाऱ्या तक्रारी ठरावीक असतात: अमक्याचे बॅनर, तमक्याचा लाउडस्पीकर, मतदार यादीतून गळलेले नाव. एके दिवशी पस्तिशीच्या आसपासची एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. तिचे नाव मी देत नाही. पिशवीत ट्रकचे नोंदणीपत्र, परमिट, विम्याचा कागद आणि एक नोटीस होती. निवडणुकीच्या कामासाठी खासगी वाहने ताब्यात घेण्याचा अधिकार शासनाला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६० ने दिला आहे. हुकूम मोडला तर कलम १६७ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. उत्तर प्रदेशात मतदान पथके पोचवण्यासाठी बसबरोबर ट्रकही मोठ्या संख्येने लागतात. तिच्या ट्रकला अमुक तारखेस अमुक मैदानावर हजर करा, असा हुकूम होता. आणि ट्रक महोबा जिल्ह्यात, कबरईला, रस्त्याच्या कडेला उभा होता. अधिग्रहणाची बातमी कळताच ड्रायव्हर गाडी तिथे सोडून आपल्या गावी निघून गेला होता. जाताना चावी खिशात.

कबरई हे दगडाचे गाव. डोंगर फोडायचा, क्रशरमध्ये घालायचा, आणि गिट्टी ट्रकमध्ये भरून कानपूर-लखनौकडे पाठवायची, हा तिथला धंदा. मी तिथून गेले तेव्हा हवेत पांढरी धूळ आणि त्या धुळीत डोक्यावर घमेले घेतलेल्या बायका दिसल्या. दगड फोडणाऱ्यांत बाई, भरणाऱ्यांत बाई. भरलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये मात्र एकही नाही. बाईच्या शरीराला हे काम झेपणार नाही असे म्हणणाऱ्याने आधी ते घमेले उचलून पाहावे.

त्या बाईचा नवरा आजारपणात गेला होता. ट्रक कर्जावर घेतलेला, हप्ते अर्धे फिटलेले. तिने गाडी विकली नाही, ड्रायव्हर ठेवला. तो महिन्यातून दोनदा येऊन हिशेब द्यायचा: एवढे डिझेल, एवढे टायर, एवढी "एंट्री". हा शब्द त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याची पावती मिळत नाही. जे उरेल ते तिचे. किती फेऱ्या झाल्या असे मी विचारले. तिला माहीत नव्हते. भाडे कोणाशी ठरते? तिला माहीत नव्हते. शेवटी तीच म्हणाली, "गाडी माझ्या नावावर आहे, हप्ता माझ्या नावावर आहे, नोटीसही माझ्याच नावावर आली. चावी तेवढी त्याच्याकडे आहे."

मी तिला विचारले की तू स्वतः का शिकत नाहीस? खोलीत बसलेले दोघे-तिघे हसले. ती हसली नाही. माहेरी ट्रॅक्टर चालवत होते, म्हणाली. नवरा गेल्यावर मोटार शिकवणाऱ्याकडे जाऊनही आली होती. त्याने शाळेचा दाखला मागितला. ती पाचवीपर्यंत शिकलेली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ८ प्रमाणे व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असणे तेव्हा सक्तीचे होते. त्या माणसाने तिला अगदी अचूक माहिती दिली होती.

निरीक्षकाला कार्यकारी अधिकार नसतात. त्याने पाहायचे आणि कळवायचे. मी तहसीलच्या वाहन व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याला एवढेच कळवले की मालकीणबाई हुकूम मोडत नाहीत, गाडी आणायला त्यांच्याकडे माणूस नाही. त्यांनी दुसरा ड्रायव्हर पाठवला, कुलूप उघडवले, गाडी आणवली. ट्रक मतदान पथक घेऊन गेला आणि परत आला. काही महिन्यांनी तिथल्या एका लिपिकाचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला तेव्हा सहज विचारले. अधिग्रहणाचे भाडे कायद्याप्रमाणे मालकाला देय असते, ते तिला मिळाले होते. त्या ट्रकच्या कमाईचा एवढा एकच भाग असा असावा, जो कोणाच्या हिशेबातून न जाता सरळ तिच्या हातात पोचला.

यानंतर मी नियम ८ कडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. त्यामागचा विचार असा की शिकलेला चालक रस्त्यावरचे फलक वाचील, अपघात कमी होतील. पण प्रत्यक्षात फलक वाचता येणे आणि आठवीचा दाखला असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय बुंदेलखंडासारख्या भागात मुलीची शाळा मुलाच्या आधी सुटते, हे कोणत्याही जनगणनेच्या तक्त्यात दिसेल. सर्वांना सारखी लागू असलेली अट त्यामुळे सर्वांवर सारखी पडत नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ही अट काढून टाकली आणि भर प्रशिक्षणावर व चाचणीवर द्यावा असे ठरवले. कारण दिले गेले ते ग्रामीण बेरोजगारीचे आणि चालकांच्या तुटवड्याचे. स्त्रियांचा विचार त्यामागे प्रामुख्याने होता असे मला वाटत नाही. पण दार उघडले, ते कोणासाठी उघडले हे विचारत बसण्यात अर्थ नसतो.

दाखला असूनही हा रस्ता धरावा लागलेल्या एका स्त्रीची हकिगत आता बऱ्याच जणांना माहीत आहे. योगिता रघुवंशी मूळच्या आपल्या नंदुरबारच्या. वाणिज्य आणि कायदा या दोन्ही पदव्या घेतलेल्या. लग्नानंतर भोपाळला गेल्या. २००३ मध्ये पतीचे अपघाती निधन झाले, पदरात दोन मुले. वकिलीतून घर चालेना म्हणून त्यांनी मालवाहतुकीच्या धंद्यात लक्ष घातले. त्यांच्या एका ट्रकला हैदराबादकडे अपघात झाला आणि ड्रायव्हर गाडी टाकून पळाला. त्या स्वतः तिथे गेल्या, गाडी दुरुस्त करून घेतली आणि भोपाळला आणवली. पुढे स्वतःच स्टिअरिंग हाती घेतले. अनेक वर्षे त्या हजारो किलोमीटरच्या फेऱ्या करीत आल्या आहेत. वर्तमानपत्रांना त्यांच्यात "धाडस" दिसते. मला मऊरानीपूरच्या बाईची आठवण येते, आणि वाटते की दोघींना एकच गोष्ट कळली होती: मालक असणे आणि चावी हातात असणे या दोन गोष्टी ट्रकच्या धंद्यात एक नाहीत. फरक पदवीचा होता. पदवीने योगिताताईंना नोकरी दिली नाही, पण नियम ८ च्या उंबरठ्यावरून तेवढे आत नेले.

ड्रायव्हर पळतो का, हाही एक प्रश्न आहे, आणि त्याला केवळ बेजबाबदार म्हणून भागत नाही. अपघातानंतर जमाव काय करतो हे महामार्गावर काम केलेल्या कोणत्याही प्रांताधिकाऱ्याला विचारावे. २०२४ च्या पहिल्याच दिवशी देशभर ट्रकचालकांनी संप केला तो याच भीतीपोटी. भारतीय न्याय संहितेतील कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, अपघात करून न कळवता निघून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर हलले नाहीत आणि दोन दिवसांत उत्तर महाराष्ट्रातल्या पंपांवर रांगा लागल्या. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, ते पोटकलम मात्र बाजूला ठेवले गेले. थांबले तर जमाव, पळाले तर तुरुंग, या पेचात स्त्री चालकाने काय करायचे, हा प्रश्न त्या सगळ्या चर्चेत माझ्या वाचनात कुठे आला नाही.

पानेवाडीचे नाव आले म्हणून थोडे विषयांतर. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेल-भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. आम्हा सेवेतल्या लोकांच्या मनातून तो दिवस जाणार नाही. तेलाच्या वाहतुकीत पैसा आहे, आणि जिथे मोजमाप वाटेत बदलता येते तिथे टोळ्या आहेत. तेव्हा टँकर चालवणे म्हणजे नुसते वाहन चालवणे नव्हे. या कामात स्त्रिया याव्यात असे म्हणताना मी हे विसरून म्हणत नाही. पण "धोका आहे म्हणून बायकांना नको" हे म्हणणेही मला मान्य नाही. भेसळीची टोळी पुरुष चालकालाही सोडत नाही. धोका हटवणे हे शासनाचे काम आहे, आणि ते पुरुषांसाठीही करायचे राहिलेच आहे.

प्रत्यक्षात टँकर चालवणाऱ्या स्त्रिया आता आहेत. केरळातल्या त्रिशूरची डेलिशा डेव्हिस ही पदव्युत्तर शिक्षण घेत असलेली तरुणी २०२१ मध्ये प्रकाशात आली. वडील टँकरचालक, त्यांच्याशेजारी बसून ती शिकली, आणि कोचीच्या इंधन केंद्रातून मलप्पुरम जिल्ह्यातल्या पंपावर टँकर नेऊ लागली. तिच्याकडे धोकादायक मालाचा परवाना होता. नियम ९ प्रमाणे त्यासाठी तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण लागते, आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. पूर्वी हा परवाना दर वर्षी नवा करावा लागे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो तीन वर्षे चालतो. लिहिता-वाचता येण्याची ही अट मला योग्य वाटते. टँकरवरचा धोक्याचा फलक आणि सोबतचा कागद वाचता आलाच पाहिजे. आठवीचा दाखला मागणे आणि हे मागणे यातला फरक इथे नीट दिसतो. बुंदेलखंडालाही आता तेल काही दूर नाही. २०११ मध्ये सुरू झालेला बीना येथील शुद्धीकरण कारखाना झाशीपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि गुजरातेतल्या वाडीनारहून कच्चे तेल नळाने तिथे येते.

रात्रपाळीचे बंधनही सैल होत गेले. २०१९ च्या सुरुवातीस केंद्राने खाण कायद्यातून सूट देऊन स्त्रियांना जमिनीवरच्या कामात रात्रीही नेमता येईल असे केले. त्यांची लेखी संमती हवी, सुरक्षेची व्यवस्था हवी, आणि एका पाळीत किमान तिघी हव्यात. या तिघींच्या अटीमागची काळजी समजते. पण खाणीतल्या ट्रकची केबिन ही एकटीची जागा असते, आणि जिथे एकही नाही तिथे पहिल्याच दिवशी तिघी कुठून आणायच्या? मोठ्या खाणींनी हे सोडवले ते तुकडीच्या तुकडी शिकवून. टाटा स्टीलच्या नोआमुंडी खाणीत असे झाले. आपल्याकडे गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखाणीतही स्थानिक आदिवासी स्त्रिया प्रचंड डंपर चालवू लागल्या आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षेची नवी श्रमसंहिता लागू झाली, जुना खाण कायदा तिच्यात सामावला गेला, आणि स्त्रीला तिच्या संमतीने कोणत्याही आस्थापनेत, कोणत्याही कामावर, रात्रीही नेमता येईल असे तत्त्व आले. संमती हा शब्द कंत्राटी कामगाराच्या बाबतीत किती पोकळ होऊ शकतो हे सांगायला नको. पण एका ट्रकची मालकीण असेल तर तिला संमती कोणाला द्यायची आहे? तिला यातले काहीच लागू होत नाही. तिला फक्त परवाना लागतो, शिकवणारा लागतो आणि रात्री गाडी उभी करायला जागा लागते.

शिकवणारा, ही खरी अडचण. हलक्या वाहनाच्या शाळा तालुक्यागणिक आहेत. अवजड वाहन मात्र आजही बहुतांश मुले क्लीनर म्हणून उस्तादाच्या हाताखाली राहूनच शिकतात. दोन-तीन वर्षे केबिनमध्ये झोपायचे, टायर बदलायचे, शिव्या खायच्या, आणि रिकाम्या रस्त्यावर उस्तादाची मर्जी असेल तेव्हा स्टिअरिंग. मुलीला ही शाळा बंद आहे. डेलिशाला ती वडिलांमुळे मिळाली. सगळ्यांचे वडील टँकर चालवत नाहीत.

म्हणून मला आपल्या एसटीचा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. चालक पदासाठी अवजड वाहनाचा परवाना आणि अनुभव मागितला तर स्त्रिया येणारच नाहीत, हे महामंडळाला उमगले. २०१९ च्या सुमारास त्यांनी स्त्रियांसाठी हलक्या वाहनाच्या परवान्यावर निवड करून अवजड वाहनाचे प्रशिक्षण स्वतः द्यायचे ठरवले, उंचीची अट शिथिल केली. निवड झालेल्यांत यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या आदिवासी मुली होत्या. मध्ये करोना आला, प्रशिक्षण लांबले, त्या मुली वाट पाहत बसल्या. २०२३ मध्ये अर्चना आत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर बस नेली. निर्णय ते पहिली फेरी यात चार वर्षे गेली, याबद्दल टीका करता येईल. पण तामिळनाडूत वसंतकुमारी १९९३ मध्येच बसचालक झाल्या होत्या आणि दिल्लीच्या परिवहन महामंडळाला पहिली स्त्री चालक नेमायला २०१५ उजाडले, हे पाहता चार वर्षे फार नव्हेत. आपण अनुभवाची अट वगळून अनुभव देण्याची जबाबदारी घेतली, हे त्यातले खरे काम. हीच पद्धत तेल कंपन्यांच्या वाहतूक कंत्राटदारांना का लागू करू नये? कंत्राटाच्या अटींत टँकरचे वय लिहितात, टाकीचे प्रमाणीकरण लिहितात, कुलपाचा प्रकार लिहितात. शिकाऊ चालकांबद्दल एक कलम लिहायला कागद पुरेल.

अमेरिकेत नॉर्थ डकोटात २००८ नंतर खडकातले तेल निघू लागले तेव्हा एकेका विहिरीसाठी पाणी आणि वाळू वाहायला ट्रकच्या शेकडो फेऱ्या लागत. मजुरी इतकी वाढली की दूरदूरच्या राज्यांतून माणसे आली, त्यात ट्रक चालवणाऱ्या स्त्रियाही होत्या. तिथे परवान्याची अडचण नव्हती. अडचण राहण्याची होती. कामगारांच्या वसाहती पुरुषांच्या म्हणूनच उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे श्रीमंत देशातही गाडी शेवटी येऊन अडते ती निजण्याच्या आणि न्हाणीच्या प्रश्नापाशी.

या न्हाणीच्या प्रश्नाचा एक अनुभव. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका इंधन साठवण केंद्राच्या विस्ताराचे नकाशे माझ्यासमोर आले होते. टँकर भरण्यासाठी चालकांना चार-चार तास थांबावे लागते म्हणून विश्रांतिकक्ष दाखवला होता. एक मोठी खोली, मागे शौचालयांची रांग, सगळ्याला मिळून एक दार. मी अभियंत्याला विचारले की स्त्री चालक आली तर? तो म्हणाला, आजवर आलेली नाही. खरेच होते ते. मी म्हटले, आली तर परत जाईल, आणि मग पुन्हा तुम्ही म्हणाल की आलेली नाही. तो थोडा विचारात पडला. मग पेन्सिल घेऊन त्याने कोपऱ्यात एक भिंत ओढली, बाहेरून एक दार काढले, आणि क्षेत्रफळाचा हिशेब पुन्हा केला. दहा मिनिटे लागली. बांधकाम पूर्ण झाले तेव्हा मी त्या पदावर नव्हते. त्या दाराला आता कुलूप आहे की कोणी ते वापरते, हे तिथून जाणाऱ्या एखाद्या वाचकाने जरूर कळवावे.